खुर्चीनं पाहिलं होतं

मूळव्याध. हा शब्द वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मी मोठ्यानं उच्चारला नव्हता. आणि माझं तर कामच मोठ्यानं बोलायचं.

घाटमाथ्यावरच्या एका बसस्थानकात, चौकशीच्या खिडकीमागं माईकसमोर बसून मी रोज दोनशे बारा गाड्या पुकारत होते. स्थानकाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथं अजून नोकरीत असलेल्यांच्या मागं शुक्लकाष्ठ लागेल. मध्यंतरी कंपनीनं माझ्या जागी यंत्राचा आवाज बसवला होता. तो गावांची नावं अशी काही उच्चारायचा की म्हाताऱ्या बायका स्वतःच्या गावची गाडी डोळ्यांदेखत जाऊ द्यायच्या. आठ महिन्यांत मला परत बोलावलं. तेव्हा आवाजाचा मला अभिमान आहे. पण त्या एका शब्दापाशी माझा घसा बसायचा. माझाच कशाला, अख्ख्या आगाराचा बसायचा. आम्ही म्हणायचो, 'उष्णता झालीय', 'तिखट बाधलं', 'खालचा त्रास'. चालक म्हणायचे, 'सीट गरम होते'. सगळ्यांना सगळं कळायचं आणि कुणी काही बोलायचं नाही.

मी ही गोष्ट शांतपणे सांगणार नाही. शांतपणे ऐकायची असेल त्यानं कंपनीचं पत्रक वाचावं. ते फार शांत आहे.

आमचं आगार दोन हजार बेचाळीस साली सह्यवाहिनी नावाच्या कंपनीकडे गेलं. गाड्या विजेच्या झाल्या, तिकिटं यंत्र काढू लागलं, पण वाहक राहिले. घाटात कुणाला ओकारी येते, कुणी भलत्याच गाडीत चढतं, कुणाचं पोर रडून आकाश डोक्यावर घेतं. ते यंत्राला निस्तरता येत नाही. निम्म्याहून जास्त वाहक बायका होत्या. आठ-आठ तासांची फेरी आणि वाटेतल्या थांब्यावर बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली कुणाकडे? उपाहारगृहवाल्याकडे. तो कुठं आहे? जेवायला गेलाय. म्हणून आमच्या बायका सकाळी घोटभर चहावर चढायच्या आणि संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवायच्या नाहीत. कळ आली तर दाबून धरायची. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. चालकांचं बूड दिवसभर एका जागी. पाणी नाही, हालचाल नाही, निवांतपणे बसायला जागा नाही, मग दुसरं काय होणार होतं?

आजारपणाच्या रजा वाढल्या तेव्हा कंपनी जागी झाली. तिला कुलपं काढता आली असती. ती नाही काढली. तिनं खुर्ची आणली.

'सुखासन' असं तिचं नाव. पांढरी, दंतवैद्याकडे असते तशी, पण बसायच्या जागी मधोमध गोल भोक. आगारप्रमुख चिंचणीकर साहेबांनी तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि भाषण केलं: अकरा मिनिटांत उपचार, त्याच दिवशी ड्युटीवर हजर, शून्य रजा. मग त्यांनी विचारलं, "पहिला मान कुणाचा?" सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मागून गाड्या धुणारा बंडा वडर म्हणाला, "साहेब, नारळ तुम्ही फोडला, मान तुमचाच." त्या दिवशी हसलो तेवढं पुन्हा त्या खुर्चीपाशी कुणी हसलं नाही.

खुर्ची चालवायला एस्तेर साळवे नावाची सिस्टर आली. मिरजेला एका सर्जनबाईंच्या हाताखाली ऑपरेशन थिएटरात तिनं तीस वर्षं काढली होती. लाज नावाची गोष्ट तिच्या गावीही नव्हती. माझ्या खिडकीत बसून चहा पिता पिता तिनं मला सगळं समजावलं.

"हे सगळ्यांकडे असतं, उज्ज्वला. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या देवानंच दिल्यात, वारा-पाणी धरून ठेवायला. कुंथून कुंथून त्या फुगतात आणि खाली सरकतात. पहिल्या पायरीला नुसतं रक्त. दुसऱ्या पायरीला कोंब बाहेर येतो नि आपला आपण आत जातो. तिसरीला बोटानं ढकलावा लागतो. चौथीला जातच नाही."

"आणि मग कापायचं?"

"लगेच कापतंय कोण? आधी पाणी, कोंडा, इसबगोल, कोमट पाण्यात बसणं. निम्मी माणसं तेवढ्यावरच बरी होतात. त्यानं भागलं नाही तर कोंबाच्या बुडाला एवढंसं रबर चढवायचं. रक्त पोचायचं थांबलं की आठवड्यात तो वाळून गळतो. नाहीतर सुई मारून सुकवायचा. नाहीतर आत येणारी धमनी तिच्या ठोक्याच्या आवाजावरून शोधायची नि टाका घालून बांधायची. लेसरनं आतून भाजताही येतं. आत एक रेषा असते बघ. तिच्या वर दुखण्याच्या नसाच नाहीत. खाली मुंगी चावली तरी ब्रह्मांड आठवतं. म्हणून वरच्या वर काम केलं तर भूलसुद्धा लागत नाही. ही खुर्ची एवढं सगळं करते. बोटाएवढा मऊ हात आत जातो, त्याला डोळा आहे, ठोके ऐकायला कान आहे. काम सुरेख करते, खोटं कशाला बोलू?"

"आणि चौथ्या पायरीला?"

सिस्टरनं कप खाली ठेवला. "त्याला दवाखाना. स्टेपलर लावून गादी वर ओढून घेतात, किंवा उघडून कापून काढतात. उघडून काढलेलं पुन्हा सहसा होत नाही, पण दोन-तीन आठवडे माणूस घरी. ते दोन उपाय खुर्चीच्या यादीत आहेत. कंपनीनं त्यांच्यापुढं कुलूप मारलंय."

इथंही कुलूपच.

आता रेश्मा. रेश्मा मुजावर, बिल्ला नंबर चव्वेचाळीसशे सतरा, वय चव्वेचाळीस, सकाळची रत्नागिरी फेरी. मी पूर्वी वाहक होते तेव्हा ती माझ्या हाताखाली शिकली. नवरा गेल्यावर तिनं मुलगी एकटीनं वाढवली. ती मुलगी, झोया, रत्नागिरीला नर्सिंगच्या वसतिगृहात. रोज रेश्माची गाडी तिथं पोचायची आणि दहा मिनिटं मायलेकी स्टँडवरच्या बाकावर बसायच्या. डबा द्यायचा, कालचा रिकामा डबा घ्यायचा, केसांतून हात फिरवायचा, बेल मारायची. त्या दहा मिनिटांवर ती बाई जगत होती असं म्हटलं तरी चालेल.

मार्च महिन्यात ती खुर्चीवर बसली. पुष्कळ दिवस रक्त जात होतं. खुर्चीनं दुसरी पायरी सांगितली, दोन रबरं चढवली, एक धमनी बांधली. अकरा मिनिटं. त्याच दिवशी दुपारची फेरी. महिनाभरात रक्त जवळजवळ थांबलं आणि रेश्मा सगळ्यांना सांगत सुटली, "खुर्चीला घाबरू नका गं, काय बी कळत न्हाई."

सप्टेंबरात ती खिडकीशी आली आणि काचेच्या भोकाला तोंड लावून म्हणाली, "उज्जूताई, पुन्हा लाल दिसतंय."

"मग सांग की सिस्टरला."

"सांगून काय? सहा महिन्यांनी पुन्हा रक्त आलं की 'दुरुस्ती फेल' लिहित्यात. लांबची फेरी काढून घेत्यात नि पार्सलच्या खोलीत बशिवत्यात. माझी रत्नागिरी जाईल, ताई." तिनं इकडंतिकडं बघितलं. "उद्या माझी आसन-ड्युटी हाय. तू बस की माझ्या जाग्यावर. तुझ्या खिडकीत अर्धा तास मी थांबते."

बाहेरच्यांना हे वेड्यासारखं वाटेल. आमच्यात ड्युटी बदलून देणं हा धर्म आहे. कुणाच्या घरी बारसं, कुणाची सासू पडली, कुणाला नुसताच कंटाळा: 'तू माझी मुक्कामी कर, मी तुझी रविवारची करते.' का म्हणून विचारायचं नाही. नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणारी बाई आगारात महिनाभर टिकत नाही. आणि कंपनीनं खुर्चीवरची तपासणी ड्युटीच्या तक्त्यातच लिहिली होती, आडव्या रकान्यात, पुणे आणि रत्नागिरीच्या मधे. मग तीही ड्युटीच. मी बदलून दिली. डोक्यात दुसरा विचार आला नाही, हे मी देवाशपथ सांगते, आणि त्यानं माझा अपराध कमी होत नाही, हेही सांगते.

सिस्टर त्या दिवशी रजेवर होती. बदलीवरच्या माणसानं बिल्ला बघितला, तोंड बघितलं नाही. मी बसले. गार जेल, थोडं दडपण, पडद्यावर हिरवा दिवा: 'निर्दोष'. बाहेर येऊन बिल्ला रेश्माच्या छातीवर लावला. तिनं मला मिठी मारली. मग दोघींनी कांदा घालून भडंग खाल्लं आणि 'कशी फसवली खुर्चीला' म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

डिसेंबरात खुर्चीला नवी अक्कल आली, आणि जानेवारीत माझी स्वतःची पाळी लागली. खिडकीवाल्यांची पाळी सगळ्यांत शेवटी. या वेळी सिस्टर होती. चौथ्या मिनिटाला यंत्र थांबलं. सिस्टरनं पडदा बघितला आणि दाराची कडी लावली.

"उज्ज्वला, तू आधी इथं बसलीयस."

"नाही हो, पहिलीच वेळ."

"तुझ्या शिरा वेगळं सांगतायत." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. "आतल्या शिरांची नक्षी दोन माणसांची सारखी नसते. अंगठ्याचा ठसा तसा हा ठसा. अदलाबदल पकडायला कंपनीनं हे आता घातलंय. सप्टेंबरातली चव्वेचाळीसशे सतराची तपासणी तुझी आहे."

मी मान खाली घातली. मला वाटलं आता रागावेल. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पडदा वाचत होती. ठसा जुळला की खुर्ची दोन्ही बिल्ल्यांची सगळी पानं उघडून दाखवायची. एरवी सिस्टरला फक्त मूळव्याधीचं पान दिसायचं. त्या पानांत 'अन्य' म्हणून एक रकाना होता. तो तिनं पहिल्यांदाच पाहिला. मीही वाचला. अक्षर न् अक्षर सांगते.

मार्च: 'अन्य. गाठ, चौदा मिलिमीटर, चार बोटं आत. मूळव्याध नाही. कराराबाहेर. कंपनीच्या डॉक्टरांनी पाहावी. पुढील तपासणीत पडताळावी.'

सप्टेंबर: 'गाठ आढळली नाही. नोंद रद्द.'

"कंपनीचे डॉक्टर कोण?" मी विचारलं.

"जागा भरलेलीच नाही," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि तो रागानं थरथरत होता. "तीस वर्षं मिरजेच्या बाईंनी एकच गोष्ट शिकवली. रक्त दिसलं की बोट घालून बघायचं. मूळव्याध समोर दिसली तरी घालायचं, कारण तिच्या आडोशाला दुसरं काही बसलेलं असतं. एका हातमोज्याचं काम! मूळव्याधीचं रक्त आणि गाठीचं रक्त लालच असतं. मी या खुर्चीवर विसंबले. मला वाटलं, हिला डोळा आहे. डोळा होता. हिनं पाहिलं, मोजलं, लिहिलं, आणि शेजारचा कोंब बांधून त्या बाईला ड्युटीवर पाठवलं."

खुर्चीनं मार्चमध्ये पाहिलं होतं. आणि सप्टेंबरात माझ्या निरोगी आतड्यानं रेश्माची गाठ पुसून टाकली होती. चार महिने. त्या चार महिन्यांत तिचा ब्लाउज ढिला झाला होता, आणि मी तिला म्हटलं होतं, 'बारीक झालीस, छान दिसतेस.'

"आणखी कुणाच्या आहेत अशा नोंदी?"

सिस्टरनं तो उघडा पडलेला रकाना सगळ्या बिल्ल्यांसाठी शोधला. आमच्या एकट्या आगारात तेवीस बिल्ले. चालक, वाहक, कार्यशाळेतले. 'कराराबाहेर' तेवीस वेळा.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. चिंचणीकर वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "करपेबाई, आधी तुम्ही दोघींनी अदलाबदल केल्याचं लेखी द्या. त्यावर चौकशी बसेल. मग नोंदी मुख्य कार्यालयाकडे जातील. दोन-तीन आठवडे धरा."

"साहेब, तिच्या पोटात गाठ आहे. तीन आठवडे?"

"गाठ कसली आहे कुणाला माहीत? साधीही असेल. उगाच घबराट नको. मुजावरबाईंना मी खास बाब म्हणून उद्या परत खुर्चीवर बसवतो."

"खुर्चीवर?" माझा आवाज चढला. "तिनं एकदा पाहिलंय साहेब! पाहून गप्प बसलीय! आणखी किती वेळा बसवणार?"

"तुम्ही आवाज खाली करा."

"बावीस वर्षं या आवाजावर तुमच्या गाड्या सुटतात. आता का खाली करू?"

ते उठून उभे राहिले. "हे बघा, करारात फक्त मूळव्याध आहे. बाकीचं काही कुणाला सांगितलंत तर दुसऱ्याची वैद्यकीय माहिती फोडल्याचा गुन्हा होतो. सिस्टरनं तशी सही केलेली आहे. अदलाबदलीबद्दल तुमची नोकरी जाईल ते वेगळंच. मुजावरबाईंचीही जाईल. तिचा तरी विचार करा."

तिचाच विचार करत होते. फोन लावावा तर वाहकांचे फोन फेरीआधी आगारात जमा. तोही कंपनीचाच नियम. तिची गाडी पाच वाजून वीस मिनिटांनी येणार होती. घड्याळात पाच वाजले होते. मी बाहेर आले. सिस्टर दारातच उभी होती. खिशातून तिनं हातमोज्याच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लिही. मी नंबर सांगते. सही मी केलीय ती मूळव्याधीच्या माहितीवर. ही तर मूळव्याध नाही ना?"

आम्ही माईकच्या खोलीत गेलो. सिस्टर दाराला पाठ लावून उभी राहिली. नोकरी जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू. पण त्याहून मोठी चीड आली होती. कंपनीची, साहेबांच्या त्या पाण्याच्या ग्लासाची, कुलपांची, माझी, आणि आम्हा सगळ्यांच्या त्या मेल्या लाजेची. ती लाज नसती तर कुठल्याच खुर्चीची गरज नव्हती. बायका सरळ दवाखान्यात गेल्या असत्या. मी बटण दाबलं.

"प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. मी उज्ज्वला करपे, चौकशी खिडकी, बिल्ला क्रमांक दोन हजार दोनशे सहा. सुखासन खुर्चीवर मूळव्याधीची तपासणी होते."

शब्द बाहेर पडला. दहाच्या दहा फलाटांवर घुमला. पेरू विकणारी बाई हात थांबवून वर भोंग्याकडे बघायला लागली.

"मूळव्याध. लाजू नका, सगळ्यांना होते. पण या खुर्चीनं आपल्यातल्या तेवीस जणांच्या आत मूळव्याधीशिवाय दुसरं काहीतरी पाहिलेलं आहे आणि ते कुणाला सांगितलेलं नाही. मी स्वतः सप्टेंबरात दुसऱ्या बाईच्या जागी त्या खुर्चीवर बसले. ती तपासणी खोटी आहे, आणि तो गुन्हा माझा आहे. खालील बिल्ला क्रमांकांनी उद्याच्या उद्या दवाखान्यात जाऊन सर्जनला दाखवावे. खुर्चीला नव्हे, माणसाला. एकोणीसशे चार. एकवीसशे साठ. सव्वीसशे अकरा..."

गाडीचे नंबर पुकारते त्याच लयीत वाचत गेले. दारावर साहेबांच्या थापा पडत होत्या. सिस्टर हलली नाही. चव्वेचाळीसशे सतरा पुठ्ठ्यावर नववा होता. तो मी गाळला. तिला भोंग्यावरून कळू नये, माझ्या तोंडून कळावं, एवढी माया मी राखली.

शेवटचा नंबर वाचला तेव्हा रत्नागिरी गाडी फलाट चारला लागलेली होती. कधी लागली, मला कळलं नव्हतं. रेश्मा पायरीवर उभी होती, रिकामा डबा हातात. ती सरळ खिडकीशी आली.

"तेवीस म्हणालीस," ती म्हणाली. "बावीस वाचलेस."

वाहक बाई. आयुष्यभर डोकी मोजलेली.

"रेश्मा, आत ये."

"आत कशाला? एक शीट कमी पडतीया. तेविसावा नंबर कुणाचा, ताई?"

मी पुठ्ठा पालथा घातला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं. तिनं डबा काचेसमोरच्या कट्ट्यावर ठेवला आणि बोटं मोजली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी.

"मार्चपासनं व्हती?"

"हो."

"आणि सप्टेंबरात मी बसले असते तर?"

"तर निदान नोंद राहिली असती. कदाचित कुणीतरी..."

"मी मागितलं, ताई. मी याडी, पोरीपायी मागितलं. तू का हो म्हणालीस गं? थोरली ना तू?" ती ओरडली. मागं माणसं गोळा झाली होती. "एकदा, एकदा तरी न्हाई म्हणायचं व्हतंस!"

तोवर साहेब दाराकडून खिडकीशी आले आणि म्हणाले, "मुजावरबाई, तुम्ही शांत व्हा, आपण केबिनमध्ये बसून बोलू." रेश्मा त्यांच्याकडे वळली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"बसायचं न्हाई आता," ती म्हणाली. "लई बसवलंत."

ती त्यांना ओलांडून आत आली. सिस्टरनं तिच्यासाठी दार उघडलं आणि साहेबांसाठी लावलं. रेश्मानं माझ्यासमोरचा माईक स्वतःकडे ओढला. तिला बटण कुठलं ते आठवेना, मी दाबलं.

"मी रेश्मा मुजावर. बिल्ला चव्वेचाळीसशे सतरा. तेविसावा नंबर माझा हाय. मला मूळव्याध हाय, आणि आत गाठ बी हाय. उद्या मी मिरजेला चाललीया. माझी सकाळची रत्नागिरी कुणीतरी बदलून घ्या. डबा मी सकाळी भरून या खिडकीत ठिवते. झोयाला द्या, बाकावर बसलेली असंल. तिला सांगा, आईनं ड्युटी बदललीया. बाकीचं मी सांगीन." भोंग्यातून तिचा श्वास ऐकू येत होता. "ड्युटी बदला, बायांनो. खुशाल बदला. पण दुसरीच्या आजारपणावर कुणी बसू नका."

मग सांगलीच्या गाडीच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "रत्नागिरी मी घेते!" आणि लगेच दुसरी, "परवाची माझी!" रेश्मानं माईक माझ्याकडे ढकलला.

"पाच पस्तीसची पुकार. माणसं खोळंबलीत," ती म्हणाली. "आधी मिरज. मग येऊन तुझ्याशी भांडणार हाय मी. सोडणार न्हाई."

"ये," मी म्हटलं.

मिरजेच्या सर्जनबाईंना बोट घालून गाठ सापडायला अर्धं मिनिट लागलं. कर्करोग होता. मार्चमध्ये ती आतल्या आत काढता आली असती, त्या म्हणाल्या. आता आधी किरणं, मग औषधं, मग मोठं ऑपरेशन, आणि मार्ग कायमचा बंद करून पोटावर पिशवी. बावीस जणांपैकी बहुतेकांचं किरकोळ निघालं, चौघांच्या गाठी वेळेत काढल्या. कार्यशाळेतल्या एकाला फार उशीर झाला होता. त्याच्या दहाव्याला मी गेले होते. माझी नोकरी गेली. कंपनीचं पत्रक निघालं, 'अनधिकृत अदलाबदलीमुळे नोंदींमध्ये त्रुटी'. खुर्ची अजून आहे. थांब्यावरचं कुलूप मात्र गेलं. ते कंपनीनं नाही काढलं, आमच्या वाहक बायकांनी दगडानं फोडलं.

रेश्मा त्या वर्षीच्या डिसेंबरात माझ्या घरी आली. बारीक, केस पांढरे, साडीखाली पिशवी. दारातच सुरू झाली. मार्चपासून सगळं काढलं, भडंगसुद्धा काढलं. तासभर भांडली. मला बोलू दिलं नाही, आणि मला बोलायचंही नव्हतं. मी समोर बसून तो आवाज ऐकत होते. शेवटी तिचा घसा बसला. तिनं पाणी मागितलं. मी तांब्या-पेला दिला, तर तिनं पेला बाजूला सारला आणि अख्खा तांब्या उभ्या उभ्या तोंडाला लावून रिकामा केला.

"आणखी दे," ती म्हणाली.